लॅपटॉप आणि फर्नेस यांच्यामधली केबल : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

नोंदवही आजपासून सुरू, कारण शनिवारी संध्याकाळी कार्ड उडालं.

काम कागदावर साधं आहे. ट्यूब फर्नेसमधली (नळीच्या विजेच्या भट्टीतली) तीन के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचे तापमापक), वायूच्या लाइनवरचा एक ४–२० मिलिअँपचा प्रेशर ट्रान्समीटर (दाब प्रवाहाच्या रूपात सांगणारा) आणि दाराच्या लिमिट स्विचचा २४ व्होल्टचा सिग्नल, एवढं आठ चॅनेलच्या, सिग्नल मोजणाऱ्या यूएसबी कार्डमधून लॅपटॉपवर घ्यायचं आणि रात्रभर नोंदवायचं. कार्डाची मोजण्याची मर्यादा ±१० व्होल्ट.

शनिवारी मी लॅपटॉप चार्जिंगला लावून कार्ड यूएसबीत खोचलं. हिरवा दिवा लागला. मग प्रेशरची सिग्नल वायर टर्मिनलात घालायला गेले. स्क्रू पिळायचाही होता, नुसतं टोक टेकलं आणि बारीकशी 'टिक'. दिवा गेला. आता ते कार्ड कुठल्याही संगणकाला लावलं की मिनिटभरात इतकं तापतं की बोट ठेववत नाही. लॅपटॉपचा तो पोर्टही मेला, बाजूचा चालतो.

मॅडमनी (प्रयोग त्यांचा) एवढंच विचारलं, "कारण कळलंय का?" नव्हतं कळलं. कळेपर्यंत नव्या कार्डाचं खोकं उघडायचं नाही असं ठरलं.

४ फेब्रुवारी

शवविच्छेदन. लॅपटॉप चार्जिंगवर, कार्ड नाही, मध्ये कुठलीही जोडणी नाही. मल्टीमीटर एसीवर ठेवून एक प्रोब यूएसबी पोर्टच्या धातूच्या कवचाला, दुसरा फर्नेसच्या बॉडीवरच्या अर्थ बोल्टला.

१०८ व्होल्ट.

दोन मिनिटं मीटरकडेच बघत राहिले. मग अडॅप्टर उलटा करून पाहिला. प्लग दोन पिनांचा. अर्थ नाहीच. अशा अडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक वाय-कॅपॅसिटर असतो, नॉइज दाबायला. त्याच्यातून मेन्सची किंचित गळती आउटपुटकडे येते आणि अर्थ नसलेला लॅपटॉप मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. धातूच्या झाकणावर मनगट घासलं की जी झणझण होते ती हीच. ती मला रोज होत होती आणि रोज मी तिला स्थिर विद्युत म्हणत होते!

दुपारी कार्यशाळेतले काका आले. आकडा सांगितला. ते म्हणाले, "मीटरच्या दोन टोकांत दहा किलोओहम टाक आणि परत बघ." टाकला. १०८ चे झाले १.३ व्होल्ट. म्हणजे प्रवाह फक्त ०.१३ मिलिअँप. माणसाला चिमटा काढेल, त्यापलीकडे काही नाही. काकांच्या भाषेत हे 'भुताचं व्होल्टेज': दिसतं मोठं, पण ओझं टाकलं की बसतं.

मग एवढ्याशा भुताने कार्ड कसं मारलं? दोष जोडण्याच्या क्रमात होता. ट्रान्समीटरच्या २४ व्होल्ट सप्लायचं ऋण टोक फर्नेसच्या अर्थला बांधलेलं आहे. मी ग्राउंडची वायर लावायच्या आधी सिग्नलची वायर टेकवली. लॅपटॉप, कार्ड आणि अडॅप्टरची आउटपुटची बाजू त्या क्षणी जमिनीपासून शंभरेक व्होल्टवर होती आणि साठलेला भार रिकामा व्हायला एकच वाट उघडी होती: चॅनेल शून्यची इनपुट पिन. सरासरी प्रवाह कितीही कमी असो, टेकण्याच्या क्षणीचा झटका त्या चिपला पुरला.

यूएसबीचा कनेक्टर करणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यात वीज आणि ग्राउंडच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, म्हणजे खोचताना ग्राउंड आधी भेटतं. स्क्रूच्या टर्मिनलांना अशी अक्कल नसते, ती जोडणाऱ्याने आणायची.

५ फेब्रुवारी

पहिला विचार: लॅपटॉप सोडून तीन पिनांचा डेस्कटॉप घ्यावा. त्याचं कवच अर्थला, फर्नेसही अर्थला, मिटलं.

मिटलं नाही. डेस्कटॉपचं कवच आणि फर्नेसची बॉडी यांच्यामध्ये मोजलं तर फर्नेस बंद असताना ०.२ व्होल्ट एसी, चालू असताना ०.९. दोन सॉकेटचे दोन अर्थ, मध्ये लांब वायर, त्यातून गळतीचे प्रवाह. ०.९ व्होल्टने कार्ड जळणार नाही. पण के-टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. सिंगल-एंडेड जोडणीत (एकच वायर, ग्राउंडच्या तुलनेत मोजलेली) ही चूक तापमानाच्या हिशेबात बावीस हजार अंशांच्या घरात जाते. शिवाय यूएसबी केबलच्या शील्डमधून कायमचा ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत राहणार, तो वेगळाच.

याच मोजमापात एक एक्स्टेंशन बोर्ड सापडला, ज्यावर हा डेस्कटॉप चालत असे. फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ मात्र ७०-८० च्या आसपास भिरभिरणारं. उघडला. प्लगमधली हिरवी वायर कापून टेप गुंडाळलेली होती. कुणीतरी कधीतरी रेकॉर्डिंगमधली भुणभुण घालवायला केलेला उपाय. भुणभुण गेलीही असेल, पण त्या दिवसापासून त्या बोर्डावरच्या प्रत्येक यंत्राची बॉडी कुठल्याही एका बिघाडाने थेट फेजवर जाऊ शकत होती. केबल तिथल्या तिथे कापून बोर्ड भंगारात टाकला, पुन्हा कुणी उचलून वापरू नये म्हणून.

७ फेब्रुवारी

ठरलं : यूएसबी आयसोलेटर. एडीयूएम ४१६० चिपवालं मॉड्यूल विभागात पडून होतं. डेटा चिपच्या आतल्या सूक्ष्म ट्रान्सफॉर्मरांतून पलीकडे जातो, तांब्याची अखंड वाट राहत नाही. ही चिप फुल स्पीडपर्यंतच चालते, म्हणजे १२ मेगाबिट. यावर ज्युनिअरने काळजी व्यक्त केली. हिशेब करून दाखवला: आठ चॅनेल, १६ बिट, सेकंदाला दहा वेळा, म्हणजे १२८० बिट. बैलगाडीसाठी द्रुतगती मार्ग मोकळा पडला आहे.

चिपची सोसण्याची ताकद ५ किलोव्होल्ट लिहिलेली आहे, पण मॉड्यूलवर शेजारी वीज पलीकडे नेणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे आणि तो फक्त १ किलोव्होल्टचा. म्हणजे मॉड्यूलही एक किलोव्होल्टचंच धरायचं. भिंगाखाली पाहिलं तर दोन बाजूंच्या मधल्या पट्ट्यात सोल्डरिंगचा फ्लक्स चिकटलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या ब्रशने साफ केला. मग कुठेही काही न जोडता, अलीकडच्या पिना एकत्र, पलीकडच्या पिना एकत्र करून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ५०० व्होल्ट मिनिटभर दिले. २०० मेगाओहमच्या वर. पास. (कार्ड लावलेलं असताना मेगर फिरवायचा नाही, हे ज्युनिअरला दोनदा सांगितलं.)

१० फेब्रुवारी

नवं कार्ड आयसोलेटरमधून लावलं. दिवा लागतो, विंडोजची घंटी वाजते, दिवा जातो, पुन्हा घंटी. अर्धा तास ड्रायव्हरला दोष देण्यात गेला. खरं कारण पोटाचं: डीसी-डीसी कन्व्हर्टर एका वॉटचा, म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँप. कार्ड मागतं २६०.

पलीकडच्या बाजूला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्यावा लागणार. ज्युनिअर खिशातून मोबाइलचा चार्जर काढायला लागला. नको. त्यातही तोच वाय-कॅपॅसिटर, म्हणजे पुढच्या दाराने घालवलेलं भूत मागच्या दाराने आत. जुन्या धाटणीचा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय घेतला, मॉड्यूलवरचा जंपर काढला, आणि पलीकडच्या बाजूचं ग्राउंड एकाच ठिकाणी, फर्नेसच्या अर्थ बोल्टला, जाड हिरव्या-पिवळ्या वायरने बांधलं. आता कार्ड फर्नेसच्या घरचं झालं आणि लॅपटॉप पाहुणा. पाहुणा तरंगला तरी चालेल.

११ फेब्रुवारी

प्रेशर आणि दार.

४–२० मिलिअँप २५० ओहममधून गेलं की १ ते ५ व्होल्ट मिळतात, हे पुस्तकातलं. पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की तो २५० ओहम कार्डाच्या टर्मिनलावर स्क्रूने दाबून बसवतात आणि एक दिवस स्क्रू सैल होतो. रेझिस्टर सुटला की लूप उघडा पडतो आणि सप्लायचे अख्खे २४ व्होल्ट इनपुटवर येतात. म्हणून रेझिस्टर वेगळ्या पट्टीवर सोल्डर केला, तिथून कार्डाकडे येताना मध्ये १० किलोओहम, आणि कार्डाच्या तोंडाशी १२ व्होल्टचे दोन झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर उलटेही वाहू लागणारे डायोड) पाठीला पाठ लावून. आता लूप तुटला तरी इनपुटवर १२-१३ व्होल्टच, आणि दहा किलोओहममधून जेमतेम एक मिलिअँप.

कार्डाच्या माहितीपत्रकात मोजण्याची मर्यादा ±१० आणि सोसण्याची ±३० दिली आहे. ते ±३० वाचून आधी निर्धास्त झाले होते. खालच्या ओळीत बारीक अक्षरांत: वीज बंद असताना ±१५. कार्डाचा ५ व्होल्टचा सप्लाय गेला किंवा काढला, आणि फर्नेसकडचे २४ व्होल्ट तसेच जिवंत, ही स्थिती तर आमच्याकडे कधीही येणार! झेनर तेवढ्यासाठीच.

दाराच्या स्विचला पीसी ८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणारी चिप), ४.७ किलोओहममधून सुमारे ४.८ मिलिअँप. एलईडीला उलटं व्होल्टेज सोसत नाही म्हणून तिच्या अंगावर उलटा १एन४१४८ डायोड. दहा मिनिटांत झालं.

१२ फेब्रुवारी

थर्मोकपल जोडली. वायरवर पिवळा आणि लाल रंग. ज्युनिअरने सवयीप्रमाणे लाल धनाला लावला. अमेरिकी रंगसंकेतात थर्मोकपलचा लाल नेहमी ऋण असतो, आणि या एका गोष्टीने जगभर किती जणांच्या भट्ट्या तापताना पडद्यावर थंड झाल्या असतील कोण जाणे. रंगावर विसंबण्यापेक्षा लोहचुंबक बरा: के-टाइपचा ऋण पाय, अल्युमेल, चुंबकाला चिकटतो, धन पाय चिकटत नाही. फ्रिजवरचं चुंबक आता टूलबॉक्समध्ये राहतं.

डिफरन्शियल जोडणी (दोन वायरांमधला फरक मोजणारी), प्रत्येक ऋण टोकाकडून १०० किलोओहम कार्डाच्या ग्राउंडला, म्हणजे इनपुट हवेत लटकत नाही. फर्नेस बंद. तिन्ही चॅनेल २६.१, २६.३, २६.०. उकळत्या पाण्यात एक बुडवून पाहिलं, ठीक. मॅडमना कळवलं की जोडणी पूर्ण झाली.

काका जाता जाता म्हणाले, "गरम करून बघितलंस का? गार भट्टी कुणालाच चावत नाही."

१४ फेब्रुवारी

काकांचं ऐकलं ते बरं झालं.

फर्नेस चढवली. ५०० अंशांपर्यंत तिन्ही रेषा एकमेकींना धरून. ७०० च्या पुढे मधल्या थर्मोकपलची रेषा जाड व्हायला लागली, ८०० ला तिला केस फुटल्यासारखं दिसायला लागलं, आणि ८५० च्या सुमारास ती एकदम वर जाऊन छताला चिकटली. फर्नेस बंद केली नाही. हातमोजे घालून थर्मोकपलचं कनेक्टर कार्डापासून सुटं केलं आणि त्याच्या ऋण टोकापासून फर्नेसच्या बॉडीपर्यंत मोजलं.

९०० अंशांना ३१ व्होल्ट एसी.

पुन्हा भूत, असं म्हणून दहा किलोओहम टाकला. २२ व्होल्ट. बसलंच नाही.

हिशेब मांडला तेव्हा घशाला कोरड पडली. ३१ चे २२ होतात म्हणजे आतला अवरोध चार किलोओहमच्या आसपास, थेट जमिनीला टेकवलं तर सात-साडेसात मिलिअँप. ते १०८ व्होल्ट ०.१३ मिलिअँपचे होते. मोठा आकडा पोकळ निघाला आणि लहान आकडा खरा. ती उघडी वायर मी परवा दोन बोटांत धरून पिळत होते, फर्नेस गार होती म्हणून काही झालं नाही इतकंच.

कारण: आमची थर्मोकपल उघड्या मण्याची आहेत, दोन भोकांच्या सिरॅमिक नळीत ओवलेली. सिरॅमिक गार असताना उत्तम इन्सुलेटर. तापलं की त्याचा अवरोध घसरत जातो. मधल्या भागात हीटरची तार नळीच्या सर्वांत जवळ. तिथून तापलेल्या सिरॅमिकमधून मेन्स थर्मोकपलवर झिरपत होता. ३१ व्होल्ट म्हणजे शिखराला ४४, आणि कार्डाची मर्यादा ±१०.

यूएसबी आयसोलेटरने लॅपटॉप वाचला, हे खरं. पण आयसोलेटर कार्डाच्या मागे आहे, धोका पुढून आला.

एक दुरुस्ती त्या दहा किलोओहमबद्दल. मी पाव वॉटचा वापरत होते. थेट २३० आला असता तर त्यात ५.३ वॉट जळले असते, म्हणजे रेझिस्टर हातातच फुटला असता. आता १० वॉटचा वायरवाउंड, इन्सुलेटेड डबीत, दोन सॉकेटसह. डबीवर काकांनी मार्करने 'भूत' लिहिलं.

१८ फेब्रुवारी

नवीन थर्मोकपल आली : ३ मिलिमीटरची इनकोनेल शीथ (धातूचं कवच), आत खनिज इन्सुलेशन, जंक्शन शीथपासून सुटं. तिन्ही शीथ धातूच्या ग्लँडमधून फर्नेसच्या अर्थला बांधल्या. आता झिरपणारा प्रवाह शीथवर थांबतो आणि तिथूनच अर्थला जातो, सिग्नलच्या वायरांना भेटत नाही.

९०० अंशांना सिग्नल वायर ते बॉडी : ०.०४ व्होल्ट. फर्नेसच्या अर्थ वायरवर क्लँपमीटर : ६.८ मिलिअँप, म्हणजे गळती आहे तेवढीच आहे, फक्त योग्य वाटेने जाते आहे. ३० मिलिअँपचा गळतीरक्षक ब्रेकर लावला, पडत नाही. ज्युनिअरला चाचणीचं बटण दाबून पाडून दाखवला.

तोटा: जाड शीथमुळे प्रतिसाद मंदावला. उघडा मणी दोन सेकंदांत जे सांगायचा ते हे सांगायला दहा-बारा घेतं. मॅडमचा प्रयोग तासांचा आहे, सेकंदांचा नाही. चालेल.

२० फेब्रुवारी

कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा, कॉइलने चालणारा स्विच) पडला की यूएसबी तुटते. दर वेळी नाही, वीसेक वेळांत एकदा, म्हणजे रात्रीतून पाचसहा वेळा, म्हणजे सर्वांत वाईट प्रकारची चूक. कॉइलचा झटका शोषायला तिच्यावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत, कॅपॅसिटर एक्स-२ जातीचा (मेन्सवर लावायचा). यूएसबी केबल पाच मीटरची होती ती एक मीटरची केली, हीटरच्या वायरांपासून हातभर लांब नेली, जिथे ओलांडावी लागते तिथे काटकोनात. कॉन्टॅक्टर हाताने दोनशे वेळा पाडला, बोट दुखलं, यूएसबी तुटली नाही.

संगणकाच्या बाजूची कामं पटापट: झोप बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर, रोज नवी फाइल, वेळ यूटीसीत. कार्ड तुटलं तर प्रोग्रॅम मरत नाही, रिकामी ओळ लिहितो आणि पाच सेकंदांनी पुन्हा हाक मारतो. आधीच्या प्रोग्रॅममध्ये तुटल्यावर शेवटचाच आकडा पुढे लिहिला जायचा. सरळ रेषा दिसायला फार गोड, पण खोटी.

२४ फेब्रुवारी

शुक्रवारी संध्याकाळी ते आज सकाळ, ६२ तास, ९५० अंश. एकही रिकामी ओळ नाही.

प्रोग्रॅम थांबवून, फर्नेस तशीच तापलेली असताना, पहिल्या दिवशीचं मोजमाप पुन्हा केलं. एक प्रोब लॅपटॉपच्या यूएसबी कवचाला, दुसरा अर्थ बोल्टला. १०७ व्होल्ट. भुताची डबी लावून १.३. ते कुठेही गेलेलं नाही, फक्त आता आयसोलेटरच्या मधल्या पट्ट्यावर बसून असतं.

केबलला लेबल लावलं, दोन्ही टोकांना: 'आधी ग्राउंड, मग सिग्नल. काढताना उलट. ७०० च्या वर थर्मोकपलच्या वायरला हात नाही.' ज्युनिअरने खाली पेन्सिलने तारीख आणि १०७ / १.३ लिहिलं. पुढच्या महिन्याच्या आकड्यांसाठी त्याच्याखाली जागा ठेवली आहे.